पिकअपची हौस आणि कायद्याची नजर

कर्णकर्कश सायलेन्सरवर रोडरोलर फिरतो. पण गाडीच्या पोटात गुपचूप बदललेल्या दातेरी चक्रांकडे पाहणारी यंत्रणाच अस्तित्वात नाही. मॅन्युअल गाडीचा पिकअप वाढवण्याच्या हौसेमागचे यांत्रिक गणित आणि त्याभोवतीचा कायदेशीर धूसरपणा.

राज्यातील मोठ्या शहरांत वाहतूक पोलिसांचा एक कार्यक्रम आता नागरिकांच्या चांगल्याच परिचयाचा झाला आहे. कारवाईत जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडले जातात, त्यांवरून रोडरोलर फिरवला जातो आणि दुसऱ्या दिवशी त्याचे छायाचित्र वृत्तपत्रांत झळकते. ध्वनिप्रदूषणाने त्रासलेल्या नागरिकांना या दृश्याने समाधान वाटणे स्वाभाविक आहे. मात्र वाहनातील बेकायदा फेरफारांविरुद्धची मोहीम म्हणून या कारवाईकडे पाहिले, तर तिची मर्यादा लगेच ध्यानात येते. सायलेन्सर पकडला जातो, कारण तो कानाला ऐकू येतो. काळ्या काचा, रुंद टायर, पुढचा बुल-बार हे डोळ्यांना दिसतात. परंतु गाडी मुळात किती झपाट्याने वेग घेते, हे ज्या भागांवर ठरते, ते भाग ना दिसतात ना ऐकू येतात. गिअरबॉक्सच्या आवरणातील दातेरी चक्रे, क्लचची प्लेट, फ्लायव्हील आणि इंजिनाला हुकूम देणारा संगणक यांत कोणी काय बदलले आहे, हे चौकात उभ्या असलेल्या हवालदाराला कळण्याचा मार्ग नाही. प्रादेशिक परिवहन कार्यालयातील निरीक्षकालाही तो क्वचितच आहे.

हौशी मंडळींचा ओढा मात्र आता नेमका याच भागांकडे वळलेला आहे. त्यामुळे ही हौस नेमकी कशाची, तिची किंमत कोण मोजतो आणि कायदा तिच्याबाबत काय म्हणतो, हे तपासणे अगत्याचे ठरते.

भारतीय मोटार मुळातच पिकअपच्या बाबतीत काहीशी आळशी का असते, याचे उत्तर अभियांत्रिकीइतकेच करप्रणालीत दडलेले आहे. २००६ सालच्या केंद्रीय अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि पेट्रोल असल्यास १,२०० घनसेंटिमीटरपर्यंत, डिझेल असल्यास १,५०० घनसेंटिमीटरपर्यंत इंजिन असलेल्या गाड्यांना उत्पादन शुल्कात सवलत मिळाली. तेव्हापासून देशातील बहुसंख्य मोटारी या चौकटीत बसवून घडवल्या गेल्या. वस्तू व सेवा कराच्या काळातही ही सीमारेषा पुसली गेली नाही. २२ सप्टेंबर २०२५पासून लहान मोटारींवर १८ टक्के आणि त्यांहून मोठ्या मोटारींवर ४० टक्के कर लागू झाल्याने ती उलट अधिकच ठळक झाली. त्यात २०१७-१८ पासून प्रत्येक उत्पादकाच्या एकूण गाड्यांच्या सरासरी इंधनवापरावर मर्यादा आली आणि २०२२-२३ पासून ती आणखी कडक झाली. ‘ॲव्हरेज किती देते?’ हा ग्राहकाचा पहिला प्रश्न तर पूर्वापार आहेच. लहान इंजिन आणि इंधनबचतीचा आग्रह या दोहोंची सांगड घालण्याचा एक सोपा उपाय म्हणजे गिअर ‘लांब’ ठेवणे. म्हणजे एकाच वेगाला इंजिनाचे फेरे कमी होतील, अशी गुणोत्तरे निवडणे. कागदावर ॲव्हरेज वाढते. चढावर किंवा ओव्हरटेक करताना मात्र गाडी धापा टाकते.

या तक्रारीत तथ्य नाही, असे कोणी म्हणणार नाही. दुपदरी रस्त्यावर पुढचा ट्रक ओलांडताना विरुद्ध दिशेच्या मार्गिकेत जितके कमी सेकंद घालवावे लागतील, तितका धोका कमी. कसारा घाटात भरलेल्या गाडीनिशी चढणाऱ्या कुटुंबप्रमुखाला पिकअप हवा असतो, तो शर्यतीसाठी नव्हे. पण या गरजेपासून सुरू झालेला प्रवास पुढे गॅरेजमध्ये कसा पोहोचतो आणि तिथे काय घडते, हा खरा विषय आहे.

क्राउन-पिनियनचे त्रैराशिक

इंजिनाचा पीळ, म्हणजे टॉर्क, चाकांपर्यंत पोहोचण्यापूर्वी दोनदा गुणला जातो. एकदा निवडलेल्या गिअरच्या गुणोत्तराने आणि दुसऱ्यांदा अंतिम गुणोत्तराने. हे अंतिम गुणोत्तर ज्या दातेरी जोडीने ठरते, तिला गॅरेजच्या भाषेत क्राउन-पिनियन म्हणतात. ही जोडी बदलून गुणोत्तर ४.० ऐवजी ४.४ केले, तर प्रत्येक गिअरमध्ये चाकांना मिळणारा जोर एकदम दहा टक्क्यांनी वाढतो. इंजिनाला हातही लावावा लागत नाही. अनुभवी मेकॅनिक पिकअपसाठी आधी क्राउन-पिनियनकडे बोट दाखवतात, ते यामुळेच.

परंतु निसर्ग फुकट काही देत नाही. एक प्रातिनिधिक हॅचबॅक घ्यावी: चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर, दुसऱ्या गिअरचे गुणोत्तर १.८, पाचव्याचे ०.८ आणि इंजिनाची कमाल मर्यादा ६,५०० फेरे. अंतिम गुणोत्तर ४.० असताना ही गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ताशी १०२ किलोमीटरपर्यंत जाते. तेच ४.४ केल्यावर दुसरा गिअर ताशी ९३ किलोमीटरच्या आसपासच संपतो. शून्य ते शंभर हा माहितीपत्रकातला लाडका आकडा गाठण्यासाठी आता तिसरा गिअर टाकणे भाग पडते, आणि सामान्य चालकाच्या हातून एका गिअरबदलात अर्धा सेकंद सहज जातो. म्हणजे ज्या आकड्यासाठी एवढा खर्च केला, तोच आकडा पूर्वीपेक्षा वाईट येण्याची शक्यता निर्माण होते. गाडी चपळ झाल्याचा भास होतो, घड्याळ मात्र साक्ष देत नाही. दुसरीकडे महामार्गावर ताशी शंभरच्या स्थिर वेगाला पाचव्या गिअरमध्ये पूर्वी सुमारे २,८३० फेरे घेणारे इंजिन आता ३,११० फेरे घेऊ लागते. मुंबई ते नागपूर समृद्धी महामार्गासारख्या ७०१ किलोमीटरच्या प्रवासात हा फरक कानाला जाणवतो आणि पेट्रोलपंपावर खिशालाही.

हा तोल कसा साधायचा असतो, याचा धडा एका कारखान्यानेच घालून दिलेला आहे. होंडाने आपल्या इंटेग्रा टाइप आर या मॅन्युअल गाडीच्या जपानी आवृत्तीत १९९८ साली अंतिम गुणोत्तर ४.४०० वरून ४.७८५ केले. पावणेनऊ टक्क्यांची ही वाढ पहिल्या तीन गिअरांत जशीच्या तशी ठेवण्यात आली. परंतु चौथ्या आणि पाचव्या गिअरची गुणोत्तरे त्याच वेळी कमी करण्यात आली. चौथा १.१०७ वरून १.०३४ वर आला, पाचवा ०.८४८ वरून ०.७८७ वर. गुणाकार करून पाहिल्यास पाचव्या गिअरचे एकूण गुणोत्तर जवळपास होते तिथेच राहिल्याचे दिसते. शहरात आणि शर्यतीच्या वळणांवर चपळाई मिळाली, महामार्गावरची शांतता गेली नाही. उत्पादकाला हे करता आले, कारण संपूर्ण गिअरबॉक्स त्याच्या हातात होता. गल्लीतल्या गॅरेजमध्ये बहुधा एकच जोडी बदलली जाते आणि तिचे परिणाम मालकाला पुढे महिनोन् महिने उलगडत राहतात.

आणखी एक साधी गोष्ट या उत्साहात विसरली जाते. वरच्याच उदाहरणातल्या गाडीचा तिसरा गिअर १.३ चा असेल, तर ओव्हरटेक करताना पाचव्यावरून तिसऱ्यावर आल्याने चाकांना मिळणारा जोर साठ टक्क्यांहून अधिक वाढतो. क्राउन-पिनियन बदलून मिळतो दहा टक्के. पहिल्या उपायाला एक पैसाही लागत नाही. आपल्याकडे पाचवा गिअर टाकल्यानंतर तो खाली आणणे हा चालकाच्या कौशल्याला लागलेला बट्टा समजला जातो, हे या आजाराचे एक मूळ आहे.

फ्लायव्हील, क्लच आणि डावा पाय

क्राउन-पिनियननंतर हौशी मालकाची नजर फ्लायव्हीलवर जाते. इंजिनाच्या मागे फिरणारे हे जड लोखंडी चाक इंजिनाचे धक्के गिळते, पण वेग वाढवताना ते स्वतःही फिरवावे लागते. त्याचा भार गाडीला किती जाणवतो, हे एकूण गुणोत्तराच्या वर्गाच्या प्रमाणात ठरते. त्यामुळे सात-आठ किलोच्या फ्लायव्हीलचा पहिल्या गिअरमधला परिणाम गाडीत शंभरेक किलोचा जादा ऐवज ठेवल्याइतका असू शकतो. पाचव्या गिअरमध्ये तोच परिणाम चार-पाच किलोंवर येतो. फ्लायव्हील निम्म्या वजनाचे केले, तर सिग्नलवरून निघताना एक सडपातळ प्रवासी उतरवल्यासारखे वाटते. महामार्गावर काहीही फरक पडत नाही. मोबदल्यात आयडलिंगला गाडी थरथरते, क्लच सोडताना इंजिन पटकन बंद पडते आणि गिअरबॉक्समधून दाणे खडखडल्यासारखा आवाज येऊ लागतो. अनेक नव्या डिझेल व टर्बो गाड्यांत फ्लायव्हील दोन थरांचे असते, त्यात धक्के शोषणाऱ्या स्प्रिंगा असतात. ते काढून एकसंध फ्लायव्हील बसवले, की पूर्वी स्प्रिंगा सोसत असलेले धक्के थेट गिअरांच्या दातांवर जातात.

क्लचची कथा याहून वेगळी आहे. क्लच बदलल्याने पिकअप वाढत नाही. वाढवलेला टॉर्क घसरू न देता पुढे पोहोचवणे एवढेच त्याचे काम. टॉर्क वाढला की मूळ प्लेट घसरू लागते, म्हणून अधिक कडक प्रेशर प्लेट आणि सिरॅमिक घर्षणपट्ट्यांची डिस्क बसवली जाते. अशा क्लचला मधली अवस्था ठाऊक नसते. तो लागतो किंवा सुटतो. शर्यतीच्या मैदानावर याला कोणी दोष देणार नाही. घोडबंदर रस्त्यावर संध्याकाळी सात वाजता, दर दहा मीटरवर पुढे सरकणाऱ्या रांगेत मात्र चालकाचा डावा पाय या खरेदीचा हिशेब मांडतो.

यापलीकडे एक मर्यादा आहे, ती कोणत्याही गॅरेजला ओलांडता येत नाही. ती म्हणजे टायर आणि डांबर यांच्यातील पकड. अकराशे किलोच्या, पुढची चाके ओढणाऱ्या गाडीत १५० न्यूटन-मीटरचे इंजिन असेल, तर साधारण गुणोत्तरांनिशी पहिल्या गिअरमध्ये पुढच्या चाकांशी सहा हजार न्यूटनच्या घरात बल निर्माण होऊ शकते. वेग घेताना वजन मागे सरकते, पुढची चाके हलकी होतात आणि कोरड्या चांगल्या रस्त्यावरही त्यांना पाच-सव्वापाच हजार न्यूटनपेक्षा अधिक पेलत नाही. म्हणजे पहिल्या गिअरपुरती गाडी कारखान्यातून येतानाच पकडीच्या सीमेवर उभी असते. त्यावर आणखी जोर चढवला की रबर जळते, स्टिअरिंग हातातून ओढले जाते आणि गाडी तेवढ्याच वेगाने पुढे जाते. पावसाळ्यात ही सीमा आणखी खाली येते, हे वेगळे सांगायला नको. घसरणाऱ्या चाकाला आवर घालणारे ‘लिमिटेड स्लिप डिफरन्शियल’ या बाबतीत खरोखर उपयुक्त आहे. पण ते महाग असते, बसवण्यासाठी गिअरबॉक्स पूर्ण उघडावा लागतो आणि त्याचा आवाज होत नसल्याने मित्रमंडळींत मिरवता येत नाही.

राजमार्ग बंद, चोरवाट खुली

या साऱ्याला सनदशीर पर्याय नव्हता, असे नाही. किंबहुना भारतीय वाहन उद्योगाने तो एकदा देऊन पाहिला. टाटा मोटर्स आणि कोइमतूर येथील जयेम ऑटोमोटिव्हज यांनी २०१७ साली समान भागीदारीत एक कंपनी स्थापन केली आणि ऑक्टोबर २०१८मध्ये टियागो जेटीपी व टिगोर जेटीपी या दोन मोटारी बाजारात आणल्या. साध्या पेट्रोल टियागोचे इंजिन ८५ अश्वशक्तीचे आणि ११४ न्यूटन-मीटरचे होते. जेटीपीत १.२ लिटरचे टर्बो इंजिन ११४ अश्वशक्ती आणि १५० न्यूटन-मीटर देत होते. गिअर हातानेच बदलायचे, पाच. लक्षणीय बाब म्हणजे वेग लवकर घेता यावा म्हणून गिअरांची गुणोत्तरेही बदलण्यात आली होती. सस्पेन्शन वेगळे बसवले होते. टियागो शून्यावरून शंभरवर दहा सेकंदांच्या आत जाते, असा कंपनीचा दावा होता आणि किंमत साडेसहा लाखांच्या आत होती. गॅरेजमध्ये जे चोरून केले जाते, तेच इथे चाचण्या, मान्यता आणि हमीपत्रासह मिळत होते.

ग्राहकांनी तिचे कौतुक भरभरून केले, खरेदी फारशी केली नाही. बीएस-६ प्रदूषण मानके एप्रिल २०२०पासून लागू होण्याच्या सुमारास या गाड्या बंद झाल्या आणि त्याच वर्षी ही भागीदारीही संपुष्टात आली. मारुतीच्या बलेनो आरएसची गतही यापेक्षा निराळी झाली नाही. मार्च २०१७मध्ये आलेली ही गाडी २०२०मध्ये बाजारातून गेली. तिच्यातली एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे. साध्या बलेनोच्या मागच्या चाकांना ड्रम ब्रेक होते. १०२ अश्वशक्तीच्या आरएसमध्ये चारही चाकांना डिस्क ब्रेक देण्यात आले. शक्ती वाढवली की थांबवण्याची व्यवस्थाही त्या प्रमाणात वाढवावी लागते, ही उत्पादकाची शिस्त.

गॅरेजमधल्या पिकअपमध्ये हीच शिस्त अभावाने आढळते. वाहनाची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. दोन सिग्नलमधल्या ज्या अंतरात गाडी पूर्वी ९५ पर्यंत पोहोचत होती, तिथे ती ११० वर पोहोचू लागली, तर ब्रेकना पचवाव्या लागणाऱ्या ऊर्जेत जवळपास एक तृतीयांश वाढ होते. ब्रेक तेच, टायर तेच. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा रस्ते अपघातांत मृत्यू झाला आणि त्यांपैकी दहातील सात मृत्यूंचे कारण अतिवेग असे नोंदले गेले. या आकड्यावरून पिकअप वाढवलेल्या गाड्यांवर थेट दोषारोप करता येत नाही. अतिवेग साध्या गाडीनेही होतो आणि बहुतेक वेळा तसाच होतो. परंतु ज्या देशात वेग हाच सर्वात मोठा मारेकरी आहे, तिथे वेग लवकर देणाऱ्या फेरफारांची कोठेही नोंद नसावी, ही बाब दुर्लक्षिण्याजोगी निश्चितच नाही.

कलम ५२ चे मौन

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलापेक्षा भिन्न होतील, असा फेरफार मालकाला करता येत नाही. केरळ उच्च न्यायालयाने या तरतुदीचा काहीसा सैल अर्थ लावला होता. तो रद्दबातल ठरवत ९ जानेवारी २०१९ रोजी न्या. अरुण मिश्रा आणि न्या. विनीत सरन यांच्या खंडपीठाने उत्पादकाच्या मूळ तपशिलात बदल करता येणार नाही, असा निर्वाळा दिला. त्याच वर्षी झालेल्या कायदादुरुस्तीने कलम १८२-अ आणले. त्यानुसार परवानगी नसलेला फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

वाचताना कायदा कठोर वाटतो. अडचण तपशिलात आहे. नोंदणी प्रमाणपत्रावर इंजिन क्रमांक, चॅसिस क्रमांक, घनक्षमता, इंधन, रंग, आसनसंख्या, वजन असे रकाने असतात. नव्या कार्डांवर अश्वशक्तीही असते. गिअरचे गुणोत्तर कुठेही नसते. शिवाय कलम ५२ च्याच स्पष्टीकरणात ‘फेरफार’ म्हणजे वाहनाच्या रचनेतील असा बदल, ज्यायोगे त्याचे मूलभूत वैशिष्ट्य बदलते, असे म्हटले आहे. क्राउन-पिनियनचे दात बदलणे हा मूलभूत वैशिष्ट्यातील बदल आहे काय? हलके फ्लायव्हील? शब्दशः वाचणारा वकील नाही म्हणेल. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा रोख पाहणारा वकील होय म्हणेल. संपूर्ण गाडी एक एकक म्हणून मान्यताप्राप्त संस्थेत तपासली गेलेली असते, तिचे उत्सर्जन आणि आवाज मूळ गुणोत्तरांवरच मोजलेले असतात, असा त्याचा युक्तिवाद असेल आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही. कलम १८२-अ ‘परवानगी नसलेला’ फेरफार दंडनीय ठरवते, पण या भागांसाठी परवानगी मागायची कोणाकडे, याचे उत्तर कोठेच नाही.

इंजिनाच्या संगणकातील आज्ञावली बदलण्याचा, म्हणजे रीमॅपचा प्रश्न याहून बिकट आहे. टर्बो इंजिनाचा टॉर्क केवळ एका लॅपटॉपच्या साहाय्याने वीस-पंचवीस टक्क्यांनी वाढवता येतो. इथे अश्वशक्ती बदलत असल्याने नोंदणीतील तपशील निःसंशय खोटा ठरतो. पण ती मोजण्यासाठी गाडी डायनॅमोमीटरवर चढवावी लागते आणि ते यंत्र कोणत्याही चौकात नसते. पीयूसी केंद्रावर पेट्रोल गाडीची तपासणी जागेवर उभी असताना होते, भर वेगातली नव्हे. चतुराईने केलेला रीमॅप त्या परीक्षेत सहज उत्तीर्ण होतो.

मग हे उघडकीस येते केव्हा? बहुधा नको त्या वेळी. गिअरबॉक्स फुटल्यावर अधिकृत सेवा केंद्र संगणकाची नोंद तपासते आणि हमी नाकारते. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्वेक्षक वेगळी क्लच प्लेट पाहतो आणि फेरफार विमा घेताना का सांगितला नाही, असे विचारतो. सांगितला असता तर बेकायदा कृत्याची लेखी कबुली झाली असती; न सांगितल्यास दावा अडचणीत येतो. प्रामाणिकपणाला वाटच न ठेवणारी ही कोंडी आहे आणि ती शासनानेच निर्माण केली आहे.

गंमत अशी की, या कोंडीतून बाहेर पडण्याचा दरवाजा कायद्यातच आहे. २०१९च्या दुरुस्तीने कलम ५२ ला जोडलेल्या परंतुकानुसार वाहनांतील फेरफारांसाठी मानके आणि मान्यतेच्या अटी ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. इतकेच नव्हे, तर अशा मान्य फेरफारामुळे उत्पादकाची हमी रद्द समजली जाणार नाही, असेही त्यात नमूद आहे. सीएनजी आणि विद्युत संचांच्या बाबतीत मान्यतेची पद्धत रूढ आहे. पिकअपसाठीचे सुटे भाग मात्र या दरवाजाबाहेरच उभे आहेत.

जर्मनीत याच प्रश्नाची सोडवणूक वेगळ्या पद्धतीने झाली. तेथे मान्यता नसलेला भाग बसवल्यास गाडीचा रस्त्यावर चालण्याचा परवानाच संपुष्टात येऊ शकतो. त्याच वेळी भाग विकणारा त्याचा चाचणी अहवाल सोबत देतो, मान्यताप्राप्त परीक्षक गाडी तपासतो आणि बदल कागदपत्रांत नोंदवतो. नोंदवलेली गोष्ट विम्यापासून लपवावी लागत नाही. ही पद्धत खर्चिक आहे, हे मान्य करावे लागेल. मात्र आपल्याकडे चाचणीची क्षमता नाही, ही सबब चालणारी नाही. पुण्यात १९६६ पासून ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया कार्यरत आहे. देशातल्या असंख्य गाड्या तिच्या दारातूनच रस्त्यावर आल्या आहेत. ठरावीक गाडीसाठी ठरावीक क्राउन-पिनियन, क्लच आणि त्यासोबत सक्तीचे ब्रेक, असा संच तपासून त्याला क्रमांक देणे या संस्थेला अवघड नाही. त्याहून उग्र बदल हवे असणाऱ्यांनी श्रीपेरुंबुदूरनजीकचा किंवा कोइमतूरचा ट्रॅक गाठावा. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या शर्यती झालेल्या आहेत. तिथे ट्रेलरवरून येणाऱ्या गाडीच्या गिअरबॉक्सशी परिवहन कार्यालयाला काही देणेघेणे असण्याचे कारण नाही.

अर्थात, नियम होईपर्यंत मॅन्युअल गिअरची गाडीच कितपत उरेल, अशी शंका घेणारेही आहेत. चाकणच्या कारखान्यात तयार होणारी महिंद्राची बीई ६ ही विजेवरची गाडी मोठ्या बॅटरीसह शून्यावरून शंभरवर ६.७ सेकंदांत जाते, असे कंपनी सांगते. तिला क्लच नाही, बदलायला गिअर नाहीत, चालकाच्या कौशल्याचा प्रश्न नाही. ज्या पिकअपसाठी एका पिढीने फ्लायव्हील घासले, तो आता कुटुंबाच्या गाडीत मुकाट्याने बसून येतो. पण नोंदणीचा प्रश्न त्यामुळे मिटत नाही, फक्त त्याचे रूप बदलते. मर्सिडीजने २०२२ साली अमेरिकेत आपल्या काही विद्युत मोटारींसाठी वर्षाला १,२०० डॉलर भरल्यास अधिक वेगवान प्रवेग देणारी योजना जाहीर केली. एकही सुटा भाग न बदलता, केवळ आज्ञावलीने शक्ती वाढणार आणि वर्गणी थांबली की पुन्हा उतरणार. अशी योजना उद्या भारतात आली, तर त्या गाडीच्या नोंदणी कार्डावर अश्वशक्तीचा कोणता आकडा लिहायचा, हे परिवहन कार्यालयाला आधी ठरवावे लागेल.